सही करण्याआधी : डॉक्टरांच्या पैशाला कुठे गळती लागते आणि ती कशी थांबवायची

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडी किंवा एमएसची तीन, सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन. पहिली खरी कमाई हातात येईपर्यंत तिशी उलटलेली असते. मग पुढच्या तीन-चार वर्षांतच सगळे मोठे कागद एकदम समोर येतात: हॉस्पिटलचा करारनामा, मशिनचं कर्ज, फ्लॅट, विम्याच्या पॉलिसी, मित्राच्या हॉस्पिटलची जामीनकी. बहुतेक सह्या दोन पेशंटच्या मधल्या वेळेत होतात. कागद आणणाऱ्याने जिथे पेन्सिलची फुली मारली असेल तिथे सही करायची आणि पुढचा पेशंट आत घ्यायचा, अशी सवयच पडते.

डॉक्टरांचं मोठं नुकसान शेअर बाजारापेक्षा या सह्यांमधून होतं. म्हणून हा लेख त्या कागदांच्या क्रमाने लिहिला आहे. महाराष्ट्रात खासगी प्रॅक्टिस करणारे, छोटं नर्सिंग होम चालवणारे आणि कॉर्पोरेट किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात कन्सल्टंट असणारे डॉक्टर डोळ्यांसमोर आहेत.

पहिलं काम : खाती वेगळी करा

एकाच बचत खात्यात ओपीडीची फी, हॉस्पिटलचं मानधन, घराचा हप्ता आणि किराणा असेल, तर प्रॅक्टिसला किती सुटतात हे कुणालाच सांगता येत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत होते. यासाठी तीन खाती पुरतात.

१. प्रॅक्टिसचं चालू खातं. क्लिनिकमधला क्यूआर कोड, कार्ड मशिन, हॉस्पिटलची पेमेंट, सगळं इथेच. क्लिनिकचं भाडं, पगार, लिनन, औषधं, बायोमेडिकल कचऱ्याचं बिल इथूनच जाईल.

२. कराचं खातं. दर सोमवारी मागच्या आठवड्याच्या जमेतला ठरलेला हिस्सा इकडे वळवा. टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) कापून येणाऱ्या पैशावर १० टक्के आणि टीडीएस न कापलेल्या फीवर २० टक्के ही सुरुवात ठीक आहे. सीएकडून वर्षाचा अंदाज आला की आकडा बदला. या खात्याचं डेबिट कार्ड घेऊच नका.

३. घरचं खातं. दर महिन्याच्या १ तारखेला प्रॅक्टिसच्या खात्यातून ठरावीक रक्कम इथे येईल, पगारासारखी. जास्त पेशंट झाले म्हणून ती वाढत नाही आणि मे महिन्यात ओपीडी ओस पडली म्हणून कमी होत नाही.

रोख पैसे रोजच्या रोज मोजून दुसऱ्या दिवशी भरा. आज कुणी कुठल्या कामासाठी किती फी दिली हे लिहिण्यासाठी आयकर नियमांत डॉक्टरांना स्वतंत्र नोंदवही सांगितली आहे, तिला फॉर्म ३सी म्हणतात. हिशेब ठेवणं ज्यांना बंधनकारक आहे त्यांनी ती भरलीच पाहिजे. बाकीच्यांनीही भरावी, कारण खात्यातली रोख कुठून आली याचा त्याहून चांगला पुरावा नसतो.

रोखीचा एक नियम नर्सिंग होमवाल्यांना फार महागात पडतो. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांत मिळून २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. पेशंटचं बिल २ लाख ६० हजार झालं आणि नातेवाइकाने सोमवारी ९०, बुधवारी ९० आणि डिस्चार्जच्या दिवशी ८० हजार रोख दिले, तर कुठल्याच दिवशी २ लाख ओलांडलेले नाहीत. तरीही ॲडमिशन एकच असल्याने नियम मोडला जातो. दंड घेतलेल्या रकमेइतका, म्हणजे पूर्ण २ लाख ६० हजार होऊ शकतो. पैसे काउंटरवरचा माणूस घेतो आणि नोटीस मालकाच्या नावाने येते. म्हणून बिलिंगच्या टेबलावर ठळक अक्षरांत लावा: एका ॲडमिशनला रोख जास्तीत जास्त १ लाख ९० हजार, बाकी यूपीआय, कार्ड किंवा बँक ट्रान्स्फर. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा टाकता येत असेल तर आजच टाका.

उलट्या बाजूलाही मर्यादा आहे. हिशेबाची वही ठेवून खर्च दाखवणाऱ्यांनी एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च करासाठी धरला जात नाही. भूलतज्ज्ञाची फी पाकिटातून देण्याची पद्धत म्हणूनच बंद करावी.

टीडीएस कापला म्हणजे कर भरला, हा गैरसमज

हॉस्पिटल कन्सल्टंटच्या फीवर १० टक्के टीडीएस कापतं. वर्षाला ५० हजारांच्या आत फी असेल तर कापत नाही. पण तुमचा कर १० टक्के नसतो. तो कमीही असू शकतो आणि बराच जास्तही.

कलम ४४एडीएची सोय आधी समजून घ्या. वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल तर तिच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, उरलेली निम्मी खर्च मानली जाते. जमेतली रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाखांपर्यंत जाते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण सीए मंडळी अजून जुन्या क्रमांकांनीच बोलतात, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

आता दोन डॉक्टर घ्या. कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांचे आहेत.

पहिल्या डॉक्टरांना फक्त कन्सल्टंट म्हणून ४८ लाख मिळतात. ४४एडीएप्रमाणे उत्पन्न २४ लाख. कर ३ लाख आणि ४ टक्के उपकर धरून ३ लाख १२ हजार. टीडीएस मात्र ४ लाख ८० हजार कापला गेला. म्हणजे १ लाख ६८ हजार परत मिळायला हवेत, आणि रिटर्न जितकं उशिरा भराल तितके ते उशिरा येतील.

दुसऱ्या डॉक्टरांना ट्रस्टच्या हॉस्पिटलात १८ लाख पगार आहे आणि संध्याकाळच्या कन्सल्टेशनचे दुसरीकडून २० लाख मिळतात. पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १७ लाख २५ हजार, त्यात फीचे निम्मे १० लाख, एकूण २७ लाख २५ हजार. कर ४ लाख १३ हजार ४०० रुपये. पगार देणाऱ्याने फक्त स्वतःच्या पगारावर १ लाख ५० हजार ८०० कापले, दुसऱ्या हॉस्पिटलने २ लाख. उरले ६२ हजार ६००. दोन्हीकडे टीडीएस कापला म्हणून निर्धास्त राहिलं, की रिटर्न भरताना ही रक्कम व्याजासकट भरावी लागते.

म्हणून ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा ओपीडीच्या कॅलेंडरवर लिहा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत १००. ४४एडीए घेणाऱ्यांना सगळा कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरला तरी चालतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म २६एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवरचा टीडीएस आणि व्यवहार दाखवणारी आयकर खात्याची पत्रकं) उतरवून घ्या आणि प्रत्येक हॉस्पिटलने कापलेला टीडीएस जुळवा. चुकीच्या पॅनवर भरलेला टीडीएस त्याच आठवड्यात पकडला तर दुरुस्त होतो. वर्षभराने अकाउंट्समधला माणूस बदललेला असतो.

४४एडीएमध्ये तीन ठिकाणी पाय घसरतो.

रोखीचे ५ टक्के. जमा ६० लाख असेल तर वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजारच रोख चालते. ओपीडीत रोज हजार-बाराशे रोख आले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग सोय गेली, हिशेबाची वही आली आणि ऑडिटही आलं. जमा ५० लाखांच्या आसपास पोचली की डिसेंबरमध्येच रोखीची बेरीज काढा.

निम्मं हे किमान आहे. खर्च खरोखर १० टक्के असताना ५० टक्के दाखवून उरलेल्या पैशातून फ्लॅट आणि फंड घेतले, की जाहीर उत्पन्न आणि गुंतवणूक यांचा मेळ बसत नाही. ३० लाखांपुढची मालमत्ता, वर्षाला १० लाखांपुढची म्युच्युअल फंडातली गुंतवणूक आणि १० लाखांपुढची क्रेडिट कार्डाची बिलं यांची माहिती आयकर खात्याकडे आपोआप जाते. यावर सीएशी स्पष्ट बोला आणि त्यांचं म्हणणं लेखी घ्या.

जुनी करपद्धत (वजावटींची) की नवी (कमी दरांची), ही निवड. पगारदार माणूस ती दर वर्षी बदलू शकतो. प्रॅक्टिसचं उत्पन्न असलेल्याला नवी पद्धत सोडून जुनीत जायला मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए द्यावा लागतो, आणि तिथून नवीत परत येण्याची संधी एकदाच मिळते. परत आल्यावर प्रॅक्टिस सुरू आहे तोवर जुनीचं दार बंद. एका वर्षाचे वीस हजार वाचवण्यासाठी ही उडी मारू नका.

जीएसटीचा एक कोपरा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उपचारांवर जीएसटी नाही, म्हणून नोंदणीची गरज नाही, हे फक्त करमुक्त सेवाच देणाऱ्यांसाठी खरं आहे. एखादा गाळा बँकेला किंवा दुकानाला भाड्याने दिला की ते भाडं करपात्र. नोंदणीसाठीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त फीसुद्धा धरतात. म्हणजे ४० लाख फी आणि वर्षाला ३ लाख गाळ्याचं भाडं असेल तर नोंदणी लागू शकते. केस प्रत्यारोपण आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया यांवरही जीएसटी आहे. जन्मजात व्यंग, अपघात किंवा भाजण्यानंतरची प्लास्टिक सर्जरी मात्र करमुक्तच.

औषध कंपन्यांच्या भेटी, परदेशवाऱ्या घेऊ नका, हे वैद्यकीय नीतिनियमांत आहेच. शिवाय १ जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांपुढच्या अशा लाभांवर १० टक्के टीडीएसची तरतूद आहे, म्हणजे कंपनीने दिलेल्या दौऱ्याची नोंद तुमच्या पॅनवर दिसते आणि ते उत्पन्न धरलं जातं. रेफरलचं कमिशन दिलं तर तो खर्च करातून वजा होत नाही आणि परवाना धोक्यात येतो तो वेगळाच.

हॉस्पिटलचा करारनामा

करारात 'मिनिमम गॅरंटी' किती, हे सगळे विचारतात. ती किती महिन्यांची आहे आणि नंतर टक्केवारी कशावर मोजणार, हे फार थोडे विचारतात. सहीआधी या प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या:

- गॅरंटी संपल्यावर तुमचा हिस्सा एकूण बिलावर की तुमच्या फीच्या भागावर? पॅकेजमधल्या शस्त्रक्रियेत सर्जनची फी आधी काढतात की इम्प्लांट, औषधं, खोली वजा करून?
- टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने) किंवा सरकारी योजनेने बिल कापलं तर ती कपात कुणाच्या वाट्याला? फाइल अपुरी असल्याचा दोष बिलिंगचा असताना कपात डॉक्टरच्या फीतून होते, ही नेहमीची तक्रार आहे.
- पैसे किती दिवसांत? 'हॉस्पिटलला मिळाल्यावर' असं लिहिलं असेल तर तुम्ही त्यांना बिनव्याजी उधार देत आहात. बिल केल्यापासून ४५ किंवा ६० दिवस, असा आकडा टाकून घ्या.
- नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का?
- 'सोडल्यावर दोन वर्षं १० किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करणार नाही' या अटीला भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा बळ नसतं. पण नोटीस न देता सोडलं तर रक्कम कापून घेण्याची अट लागू होऊ शकते, आणि बहुतेक करारांत खरा दात तोच असतो.

दर महिन्याला पेशंटनिहाय यादी मागा आणि स्वतःच्या वहीशी ताडून पाहा. तीन महिने यादी मागितली नाही, तर चौथ्या महिन्यात ती मिळवायला झगडावं लागतं.

मशिन आणि कर्ज

'मार्चच्या आधी मशिन घ्या, टॅक्स वाचेल' हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. ४४एडीए घेत असाल तर घसारा (यंत्राच्या झिजेपोटी दर वर्षी मिळणारी वजावट) वेगळा मिळतच नाही, वाचणारा कर शून्य. हिशेबाची वही ठेवत असाल तर २५ लाखांच्या यंत्रावर १५ टक्के दराने ३ लाख ७५ हजार घसारा. पण ते वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच, १ लाख ८७ हजार ५००. ३१.२ टक्क्यांच्या करदराने पहिल्या वर्षी वाचले साधारण ५८ हजार ५००, आणि त्यासाठी डोक्यावर २५ लाखांचं कर्ज. काही जीवरक्षक उपकरणांना ४० टक्के घसारा मिळतो, पण त्यांची यादी ठरलेली आहे.

मशिन घ्यायचं की नाही हे रोजच्या केसेस ठरवतात. २५ लाखांचं सोनोग्राफी मशिन १०.५ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ५३,७३५ रुपये. देखभाल करार वर्षाला दीड लाख धरला तर महिना १२,५००. मदतनीस १८,०००. बेरीज ८४,२३५. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोजचे ३,३७०. एका तपासणीतून जेल, कागद, वीज वजा जाता ७५० रुपये हातात राहत असतील, तर रोज पाच तपासण्या फक्त मशिन उभं ठेवायला लागतात. तुमची फी त्यानंतर सुरू होते. सध्या तुमच्याकडून रोज किती पेशंट सोनोग्राफीला बाहेर जातात, ते सलग दोन महिने मोजा. तो आकडा सातच्या खाली असेल तर थांबा. शिवाय गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे हे मशिन नोंदणी असलेल्या केंद्रालाच विकता येतं, त्यामुळे गरज पडली तेव्हा चांगला भाव येईलच असं नाही.

कर्जाचा दर विचारताना 'फ्लॅट की रिड्युसिंग', म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर की उरलेल्या शिलकीवर, हा पहिला प्रश्न. ५० लाख, ५ वर्षं, ९ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २२ लाख ५० हजार आणि हप्ता १,२०,८३३. घटत्या शिलकीवर मोजला तर हाच दर सुमारे १५.७ टक्के पडतो. शेजारची बँक १४ टक्के घटता दर सांगत असेल तर तिचा हप्ता साधारण १,१६,३४० येतो. ऐकायला महाग, प्रत्यक्षात स्वस्त. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसोबत मुख्य तथ्यांचं पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात प्रोसेसिंग फी, कर्जाला जोडलेला विमा असं सगळं धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्याच एका आकड्यावर करा. मुदतीआधी फेडण्याचा दंड किती, तेही वाचा. डॉक्टरांना 'तासाभरात मंजूर' म्हणून मिळणारी विनातारण कर्जं बहुधा ठरीव दराची असतात, आणि तिथे हा दंड लागतो.

जामीनकी आणि भागीदारी

तालुक्याच्या गावात वीस-पंचवीस डॉक्टर एकत्र येऊन मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल काढतात. कल्पना चांगली आहे, अशी काही हॉस्पिटलं उत्तम चालतातही. पण बँक १२ कोटी देते तेव्हा प्रत्येक संचालकाची वैयक्तिक हमी घेते. 'माझा हिस्सा ५ टक्के, म्हणजे माझी जबाबदारी ६० लाख' असं प्रत्येकाला वाटतं. हमीपत्रात मात्र 'संयुक्तपणे आणि पृथकपणे' असे शब्द असतात. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक कुणा एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकते, आणि ज्याच्या नावावर फ्लॅट आणि ठेवी आहेत त्याच्याकडेच आधी वळते. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्याने मिळणारं संरक्षण ही एक सही काढून घेते.

आत शिरण्याआधी क्रमाने हे करा.

१. हमी हिश्श्यापुरती मर्यादित करा, अशी बँकेला लेखी विनंती करा. बँक सहसा नाही म्हणते, पण तारण भक्कम असेल तर कधी ऐकते.

२. बँकेने ऐकलं नाही तर भागीदारांमध्ये आपसात करार करा: कुणा एकाकडून वसुली झाली तर बाकीचे हिश्श्याप्रमाणे त्याला भरून देतील. बँकेला हा करार बांधत नाही, पण नंतर दाव्याला आधार राहतो.

३. बाहेर पडण्याची किंमत आधीच ठरवा. शेअरचं मूल्य कोण काढणार, किती हप्त्यांत देणार, आणि बाहेर पडणाऱ्याची हमी किती दिवसांत सोडवून घेणार. हिस्सा विकला तरी बँकेने लेखी मुक्त करेपर्यंत हमी तशीच राहते, हे अनेकांना पुढच्या गृहकर्जाच्या वेळी क्रेडिट अहवालात कळतं.

४. जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. जमीन दोन मुख्य डॉक्टरांची आणि हॉस्पिटल सगळ्यांचं असेल तर भाडेकरार नोंदणीकृत आणि कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब हवा.

मित्राच्या कर्जाला नुसता जामीन राहण्याबद्दल आमचं मत सरळ आहे: ती रक्कम उद्या बुडाली तरी चालेल, अशी असेल तरच सही करा. नाही म्हणणं जड जातं हे खरं. तेव्हा झेपेल तेवढी रक्कम उसनी द्या, चेकने किंवा बँक ट्रान्स्फरने. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं रोख कर्ज घेणं कायद्याने चालत नाही.

विमा : चार पॉलिसी, चार वेगळी कामं

व्यावसायिक इन्डेम्निटी, म्हणजे उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा, सगळे घेतात, वाचत कुणी नाही. ही पॉलिसी 'क्लेम्स मेड' प्रकारची असते. शस्त्रक्रिया कधी झाली एवढ्यावर भागत नाही, दावा आला तेव्हा पॉलिसी चालू होती का, हे बघतात. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. २०२४ मध्ये शस्त्रक्रिया केली, २०२५ मध्ये नूतनीकरण राहिलं आणि २०२६ मध्ये नोटीस आली, तर संरक्षण मिळत नाही. कंपनी बदलताना जुनी 'रेट्रोॲक्टिव्ह' तारीख (जिच्यापासूनच्या उपचारांना संरक्षण आहे ती) नव्या पॉलिसीत छापून आली आहे का, ते तपासा. निवृत्त झाल्यावरही काही वर्षं ती चालू ठेवा. एका घटनेला किती आणि वर्षभरात किती, या दोन मर्यादा वेगळ्या असतात, दोन्ही पाहा. नोटीस आली की विमा कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवा. पेशंटच्या नातेवाइकांना लेखी कबुली देऊ नका आणि परस्पर तडजोडही करू नका.

नर्सिंग होमच्या मालकाने आस्थापनेची पॉलिसी वेगळी घ्यायलाच हवी. पत्नीच्या मृत्यूबद्दल हॉस्पिटल आणि डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा दावा करणाऱ्या कुणाल साहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी आणि त्यावर ६ टक्के व्याज मंजूर केलं. त्यात तीन डॉक्टरांच्या वाट्याला १०, १० आणि ५ लाख आले, बाकी सगळा भार हॉस्पिटलवर. नर्स, आरएमओ (निवासी डॉक्टर), भूलतज्ज्ञ यांच्या चुकीची जबाबदारी मालकाच्या दारात येते आणि वैयक्तिक पॉलिसी ती उचलत नाही.

दुसरी पॉलिसी अपघात आणि अपंगत्वाची. शल्यविशारदांनी यातला भरपाईचा तक्ता काढून बघावा. नेहमीच्या तक्त्यात अख्खी तर्जनी गेली तर विमा रकमेच्या साधारण १० टक्के मिळतात. १ कोटीच्या पॉलिसीवर १० लाख, आणि सर्जनची कारकीर्द मात्र तिथेच थांबू शकते. म्हणून विमा रक्कम मोठी घ्या आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर आठवड्याला पैसे देणारा भाग जोडून घ्या. याच कारणासाठी घरखर्च आणि क्लिनिकचा स्थिर खर्च मिळून सहा महिन्यांची रक्कम ठेवीत किंवा लिक्विड फंडात हवी. घराला १ लाख २० हजार आणि क्लिनिकला १ लाख ४० हजार लागत असतील तर १५ लाख ६० हजार. डॉक्टर आजारी पडला तरी रिसेप्शनिस्टचा पगार आणि जागेचं भाडं थांबत नाही.

तिसरी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी. वर्षाच्या घरखर्चाच्या पंधरा पट आणि त्यात सगळी कर्जं, हा हिशेब बरोबर बसतो. विवाहित पुरुष डॉक्टरांनी ती विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्यावी. अर्जासोबत एक जादा फॉर्म भरायचा, जादा पैसे पडत नाहीत. त्यामुळे ती रक्कम पत्नी-मुलांसाठी राखीव होते, कर्ज देणाऱ्या बँकेला तिच्यावर हात टाकता येत नाही. हा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो आणि लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत. हॉस्पिटलच्या कर्जाला हमी दिलेल्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. पीपीएफच्या शिलकीवरही दिवाणी न्यायालयाच्या हुकमाने जप्ती येत नाही, आयकर खात्याची थकबाकी मात्र त्याला अपवाद आहे.

चौथी आरोग्य विम्याची, स्वतःच्या नावाची. हॉस्पिटलची सामूहिक पॉलिसी नोकरी सोडली की संपते. तिशीत घेतलेल्या पॉलिसीचा आधीच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ, जो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, मधुमेह-रक्तदाब येण्याआधीच सरून जातो.

या चारांशिवाय जे 'बचत आणि विमा एकत्र' म्हणून समोर येतं, त्याचा परतावा काढून बघा. वर्षाला १ लाख असे वीस वर्षं भरले आणि शेवटी ३४ लाख ७० हजार मिळाले, तर परतावा ५ टक्के झाला. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. मागच्या महिन्यात कुणाच्या आग्रहाखातर घेतली असेल तर ही तारीख आजच बघा.

साठलेला पैसा कुठे ठेवायचा नाही

पतसंस्था जास्त व्याज देते, पण तिथल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. बँकेत ते एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत आहे. संस्थेचे अध्यक्ष तुमचे पेशंट असले तरी हे बदलत नाही.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'फार्महाउस प्लॉट' म्हणून सातबाऱ्यावर दहा-वीस नावांत आपलं एक नाव चढवून दिलेली गुंठेवारी पुढे विकताना आणि वाटून घेताना अडकते. बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि रस्त्याचा हक्क, हे तीनही कागद स्वतःच्या वकिलाला दाखवा. विकणाऱ्याचा वकील चालणार नाही.

फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, असं सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आहे. शिवाय हे व्यवहार केले की रिटर्नचा सोपा फॉर्म, आयटीआर-४, सहसा भरता येत नाही.

म्युच्युअल फंडात रेग्युलर (वितरकामार्फत) आणि डायरेक्ट (थेट कंपनीकडून) यांत वर्षाला सुमारे १ टक्क्याचा फरक पडू शकतो. महिना ५० हजारांची एसआयपी वीस वर्षं चालवली आणि परतावा १२ टक्के धरला तर साधारण ५ कोटी होतात, ११ टक्के धरला तर ४ कोटी ३७ लाख. सल्ला हवा असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या, ठरावीक फी घेणाऱ्या सल्लागाराला पैसे द्या. वितरक वेगळा आणि सल्लागार वेगळा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं ट्रेडिंग ॲप आणि व्हिडिओ कॉलवरची 'डिजिटल अटक' दोन्ही सरळ फसवणूक आहेत. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन करा.

घरच्यांसाठीची फाइल

जोडीदार डॉक्टर नसेल तर क्लिनिक पुढे चालवता येत नाही, म्हणून ते विकण्याचा किंवा बंद करण्याचा मार्ग आधीच लिहून ठेवावा लागतो. फाइलमध्ये मृत्युपत्र हवं, लाभार्थी नसलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. नॉमिनी नेमला म्हणजे वारस ठरला असं होत नाही, त्याने ती रक्कम सहसा वारसांसाठी सांभाळायची असते.

त्याखाली दोन पानांची यादी: प्रत्येक कर्ज, प्रत्येक हमीपत्राची प्रत, चार पॉलिसींचे क्रमांक, कुठल्या हॉस्पिटलकडून आणि टीपीएकडून किती येणं बाकी आहे, क्लिनिकच्या जागेचं डिपॉझिट, नर्सिंग होमची नोंदणी, सोनोग्राफी मशिनचं पीसीपीएनडीटी प्रमाणपत्र. मशिन नोंदणीशी बांधलेलं असल्याने डॉक्टरच्या मृत्यूनंतर ते हलवण्याआधी किंवा विकण्याआधी जिल्ह्यातल्या सक्षम अधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्या कार्यालयाचा पत्ता आणि याच शाखेतल्या एका विश्वासू सहकाऱ्याचं नाव यादीत हवं. यादीवर तारीख टाका आणि दर एप्रिलमध्ये जोडीदारासोबत बसून नवी करा.